वर्षभर फळे देणाऱ्या बागेसाठी झाडांची निवड

पावसाळा तोंडावर आला म्हणजे कलमांसाठी शेतकरी बंधूंची धावपळ सुरू होते. कोणते फळझाड लावावे, ह्या प्रश्नाचे उत्तर मात्र बहुधा शेजाऱ्याच्या बागेकडे पाहून दिले जाते. शेजाऱ्यास गेल्या हंगामात डाळिंबाने चार पैसे मिळवून दिले, म्हणून आपणही डाळिंबच लावावयाचे; त्याने ज्या बहाराची फळे घेतली, तोच बहार आपणही धरावयाचा. असे करता करता सबंध गावाची फळे एकाच पंधरवड्यात तयार होतात. मजूर एकाच वेळी सर्वांना हवे असतात, वाहने एकाच वेळी सर्वांना लागतात, आणि बाजारात सर्वांचा माल एकाच दिवशी उतरतो. अशा वेळी भाव पडला तर त्याचा दोष केवळ आडत्यास देऊन भागत नाही.

ह्याहून मोठा धोका निसर्गाचा आहे. सन २०१४ च्या फेब्रुवारी-मार्च महिन्यांत राज्याच्या अनेक भागांत गारपीट झाली, तेव्हा ज्यांचे सर्व उत्पन्न त्या काळात झाडावर होते त्यांच्या हाती काहीही उरले नाही. त्याआधी २०१२-१३ च्या अवर्षणात जालना भागातील मोसंबीच्या बागा वाळून गेल्या. पंधरा-पंधरा वर्षे वाढविलेली झाडे सरपणाकरिता तोडण्याची पाळी आली. दोन्ही प्रसंगी पुष्कळांची वर्षाची सर्व कमाई एकाच पिकावर व एकाच हंगामावर टांगलेली होती. फळांची काढणी वर्षाच्या निरनिराळ्या महिन्यांत विभागली जाईल अशी झाडांची निवड करणे, हा अशा संकटांतून काही अंशी तरी सावरण्याचा मार्ग आहे. तो कसा अंगीकारावा, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात मुख्यतः कमी पावसाच्या पठारी प्रदेशातील कोरडवाहू व विहीर-बागायत शेतकऱ्यांना समोर ठेवून केला आहे.

आधी पाण्याचा हिशेब

फळांचे वेळापत्रक तयार करण्यास बसलेला शेतकरी प्रथम विचारतो, “कोणत्या महिन्यात कोणते फळ मिळेल?” माझ्या मते त्याने प्रथम असे विचारावे की, “कोणत्या महिन्यात माझ्या विहिरीत किती पाणी असेल?” फळ ज्या महिन्यात मिळते, त्याच्या आधीचे चार ते सहा महिने ते झाडावर पोसत असते, आणि त्या सर्व काळात झाडास पाणी द्यावे लागते. जुलै-ऑगस्टमध्ये डाळिंब हवे असेल तर जानेवारीपासून पाणी सुरू करून संपूर्ण उन्हाळाभर ते चालू ठेवणे प्राप्त आहे. कागदावर सुंदर दिसणारे कित्येक बारमाही आराखडे एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात मोडतात, ते ह्याच कारणामुळे.

विहिरीचे पाणी मोजणे कठीण नाही. दोनशे लिटरचे पिंप पंपाच्या तोंडाशी ठेवावे व ते किती वेळात भरते ते घड्याळ लावून पाहावे. पिंप चाळीस सेकंदांत भरले तर सेकंदास ५ लिटर, म्हणजे तासास १८,००० लिटर पाणी मिळते. एप्रिल-मे महिन्यांत हा पंप दिवसातून एकच तास चालत असेल तर १८,००० लिटर एवढीच आपली रोजची मिळकत समजावी. आता एक एकरात साडेचार बाय तीन मीटर अंतरावर डाळिंबाची सुमारे ३०० झाडे बसतात. प्रत्येकास दररोज ५० लिटर द्यावयाचे धरले तर १५,००० लिटर खर्ची पडले. जोडीस अर्धा एकर लिंबाची ५५ झाडे असून त्यांना प्रत्येकी १०० लिटर द्यावयाचे म्हटले तर आणखी ५,५०० लिटर पाहिजेत. बेरीज मिळकतीच्या बाहेर गेली. गुरांचे व घरचे पाणी तर अद्याप हिशेबात धरलेलेच नाही. म्हणून हे मोजमाप पावसाळ्यात न करता एप्रिल-मे महिन्यांतच करावे. श्रावणातील विहीर पाहून लावलेली बाग वैशाखात फसविते.

ह्या हिशेबातून निवडीचे पहिले सूत्र मिळते. उन्हाळ्यात ज्यांना झोप लागते अशी झाडे आपल्या बागेत अधिक असावीत. सीताफळाची पाने उन्हाळ्याच्या सुरुवातीस गळतात व वळीव-पावसाच्या सुमारास नवी पालवी आणि कळी येते. बोरीची छाटणी एप्रिल-मे महिन्यांत होते, तेव्हा तिला पाण्याची गरजच नसते. आवळ्याची तऱ्हा तर आणखी निराळी आहे. तो मार्च-एप्रिलमध्ये फुलतो, परंतु फलधारणा झाल्यानंतर त्याचे इवलेसे फळ उन्हाळाभर तसेच निजून राहते आणि पाऊस सुरू झाल्यावरच वाढीस लागते. ही तीन झाडे मोठी झाल्यावर उन्हाळ्यातील पाणी सोडून देतात. ते आपणांस दुसऱ्या एखाद्या पिकासाठी वापरता येते.

बहार म्हणजे काय, व तो कोणता धरावा

डाळिंब, पेरू, लिंबू, संत्रा, मोसंबी ह्या झाडांना आपल्या हवामानात वर्षातून एकाहून अधिक वेळा फुले येतात. आंब्याला मोहोर येतो त्या सुमारास, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत, येणारा तो आंबे बहार. मृगाच्या पावसाबरोबर जून-जुलैमध्ये येणारा तो मृग बहार. आणि हस्त नक्षत्राच्या सुमारास, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये येणारा तो हस्त बहार. झाडास मोकळे सोडले तर तिन्ही वेळा थोडी थोडी फुले येतात व कोणत्याच वेळी पुरेसा माल मिळत नाही. झाडही थकते. म्हणून आपण पाणी तोडून झाडास ताण देतो. ताणामुळे त्याची वाढ थांबते, पानांत तयार झालेले अन्न फांद्यांमध्ये साठते, आणि पुन्हा पाणी मिळाले म्हणजे त्या साठ्याच्या बळावर एकदम भरपूर फुले येतात. हलक्या, मुरमाड जमिनीत ताण लवकर बसतो. भारी काळ्या जमिनीत ओल टिकून राहिल्याने बराच अधिक काळ लागतो. दिवस मोजण्यापेक्षा झाडाकडे पाहावे. पाने पिवळसर पडून खालची गळू लागली म्हणजे ताण बसला असे समजण्यास हरकत नाही. ताण तोडताना पहिले पाणी हलके द्यावे व पुढे हळूहळू वाढवावे. एकदम भरपूर पाणी दिल्यास फुले गळतात.

बहार निवडणे म्हणजे काढणीचा महिना निवडणेच होय. भगव्या डाळिंबास फुलापासून तयार होण्यास सुमारे १८० दिवस लागतात. त्या मानाने आंबे बहाराचे फळ जुलै-ऑगस्टमध्ये, मृग बहाराचे नोव्हेंबरअखेरपासून जानेवारीपर्यंत, तर हस्त बहाराचे मार्च-एप्रिलमध्ये हाती येते. ह्यांपैकी मृग बहारास पाणी सर्वांत कमी लागते, कारण फळ पावसाळ्यात व हिवाळ्यात पोसले जाते. परंतु ह्याच बहारात पावसाळी दमट हवेमुळे तेल्या रोगाचा उपद्रव सर्वांत अधिक होतो. ज्या गावात तेल्या ठाण मांडून बसला आहे, तेथे मृग बहार धरणे म्हणजे जुगार होय. अशा ठिकाणी हस्त बहार अधिक सुरक्षित ठरतो, मात्र त्यासाठी एप्रिलपर्यंत पाण्याची खात्री पाहिजे, आणि ऑगस्ट-सप्टेंबरच्या पावसात ताण बसण्याजोगी निचऱ्याची हलकी जमीनही पाहिजे. दोन्ही नसतील तर डाळिंबाचा हट्ट धरू नये, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे.

पेरूच्या बाबतीत निवड सोपी आहे. आंबे बहाराची फळे पावसाळ्यात पिकतात. ती पाणचट लागतात, शिवाय त्यांत फळमाशीच्या अळ्या पडतात. सन १९२७ मध्ये पुण्याच्या गणेशखिंड येथे निवडण्यात आलेली सरदार, म्हणजेच लखनौ ४९, ही जात आजही आपल्याकडे सर्वत्र लावली जाते. तिची खरी गोडी थंडीत उतरते. म्हणून एप्रिल-मे महिन्यांत पाणी तोडून मृग बहार धरावा व नोव्हेंबर ते जानेवारी ह्या काळात फळे घ्यावीत. पावसाळी पेरूचा मोह सोडून देणेच श्रेयस्कर.

कागदी लिंबाचे गणित ह्याच्या उलट आहे. निसर्गतः लिंबाला सर्वांत अधिक फळ आंबे बहाराचे लागते आणि ते पावसाळ्याच्या तोंडाशी व पावसाळ्यात, म्हणजे सरबताचे दिवस सरल्यावर, बाजारात येते. हस्त बहार सर्वांत थोडा येतो, पण त्याचे फळ मार्च ते मे महिन्यांत मिळते व त्यालाच मागणी असते. साई शरबती अथवा फुले शरबती ह्यांसारख्या सुधारित जाती लावून, चांगल्या निचऱ्याच्या जमिनीत पावसाळ्याअखेर ताण देऊन हा बहार धरता येतो. हे काम कौशल्याचे आहे आणि ज्या वर्षी परतीचा पाऊस लांबेल त्या वर्षी साधणार नाही. तरीही उन्हाळ्यात हाताशी असलेले थोडके पाणी ज्या एका पिकावर खर्च करावे, असे पीक मला लिंबाशिवाय दुसरे दिसत नाही.

एकाच झाडावर एका वर्षात दोन बहार घेण्याचा प्रयत्न करू नये. काढणी संपल्यावर डाळिंबास तीन-चार महिन्यांची विश्रांती मिळालीच पाहिजे. निरनिराळ्या वेळी फळे हवी असतील तर निरनिराळे तुकडे पाडावेत व प्रत्येक तुकड्यात एकच बहार कायम धरावा.

मिश्र बागेतील एक चूक

येथे माझ्या स्वतःच्या हातून घडलेली एक चूक सांगणे उपयुक्त ठरेल. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका शेतकऱ्यास मी डाळिंबाच्या दोन ओळींमध्ये लिंबाची एक ओळ लावण्याचा सल्ला दिला होता. जागा वाचेल, आणि दोन फळे दोन वेळा मिळतील, असा माझा विचार. झाडे चांगली वाढली. चौथ्या वर्षी डाळिंबाचा मृग बहार धरावयाचे ठरले व एप्रिलमध्ये पाणी बंद केले. त्या वेळी लिंबावर आंबे बहाराची फळे सुपारीएवढी झालेली होती. ठिबकच्या सर्व नळ्या एकाच व्हॉल्व्हवर असल्याने डाळिंबाबरोबर लिंबाचेही पाणी तुटले आणि तीन आठवड्यांत झाडाखाली लिंबांचा सडा पडला. ती फळे वाचविण्यासाठी पुन्हा पाणी सोडले, तेव्हा डाळिंबाचा ताण मोडला व त्याला कळीऐवजी पालवीच फुटली. दोन्ही पिके गेली. तो सज्जन मनुष्य मला एवढेच म्हणाला, “साहेब, दोन बायकांचा संसार एका चुलीवर मांडलात.” पुढल्या वर्षी लिंबाच्या ओळीस निराळी नळी व निराळा व्हॉल्व्ह बसविला, तेव्हा ती बाग मार्गी लागली. तो खर्च लागवडीच्या वेळी केला असता तर एक वर्ष वाया गेले नसते.

तेव्हा निरनिराळ्या वेळी ताण लागणारी झाडे एकाच ओळीत किंवा एकाच व्हॉल्व्हवर कधीही ठेवू नयेत. प्रत्येक फळाचा तुकडा स्वतंत्र, त्याची पाण्याची नळी स्वतंत्र, आणि शक्यतो दोन तुकड्यांमध्ये चर काढलेला असावा, म्हणजे शेजारच्या तुकड्यातील ओल ताणावर असलेल्या झाडांच्या मुळांपर्यंत पोहोचणार नाही. पाटपाण्याने भिजणाऱ्या बागेत ही काळजी दुप्पट घ्यावी लागते.

जाती निवडूनही हंगाम लांबविता येतो

प्रत्येक वेळी नवे फळ लावण्याची गरज नसते. एकाच फळाच्या लवकर व उशिरा येणाऱ्या जाती जोडीने लावल्यास काढणी दीड-दोन महिने पुढे लांबते. बोरीमध्ये गोला ही जात लवकर येते, कडाका मधल्या काळात आणि उमराण सर्वांत उशिरा. तिन्ही असल्यास थंडीच्या आरंभापासून फेब्रुवारीपर्यंत, कित्येक ठिकाणी त्यानंतरही, तोडणी चालू राहते. बांधावर आधीच उभ्या असलेल्या रानबोरी तोडून टाकू नयेत. त्यांची खोडे उन्हाळ्यात कापावीत आणि पावसाळ्यात येणाऱ्या जोमदार फुटीवर ह्या जातींचा डोळा भरावा. मुळे जुनी व खोल गेलेली असल्यामुळे ही झाडे पाण्यावाचून तगतात व कलमापेक्षा लवकर फळ देतात.

सीताफळात बाळानगर ही जुनी भरवशाची जात. फुले पुरंदर ही राहुरीच्या महात्मा फुले कृषि विद्यापीठाची जात मोठ्या फळाची. एनएमके-१, जिला शेतकरी गोल्डन म्हणतात, ती त्यांच्यामागून तयार होते आणि तिचे फळ अधिक टिकते. पावसावर वाढणाऱ्या सीताफळाची काढणी साधारणतः ऑगस्टअखेर ते ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत चालते. डोळ्यांमधील खाचा रुंद होऊन त्यांत पिवळसर रंग दिसू लागला म्हणजे फळ तोडावे. सीताफळाचा भाऊबंद जो रामफळ, तो मात्र उन्हाळ्याच्या आरंभी, रामनवमीच्या आगेमागे पिकतो. त्याची मोठी बाग कोणी करीत नाही व करण्यास मी सांगणारही नाही, पण विहिरीच्या कडेस दोन झाडे असली तर घरच्या मुलांना त्या दिवसांत फळ मिळते.

आवळा लावताना एकाच जातीची सर्व झाडे लावू नयेत, कारण त्याला आपल्याच जातीच्या परागाने फळ चांगले धरत नाही. नरेंद्र आवळा ७ बरोबर कृष्णा किंवा कांचन ह्यांच्या ओळी मिसळाव्यात.

आंब्यात पठारी भागासाठी केशर उत्तम. तो साधारण मेच्या मध्यापासून जूनपर्यंत चालतो. नीलम व तोतापुरी त्यानंतर येतात, परंतु पावसात सापडल्यास त्यांत फळमाशी फार पडते. कोकणातील बागायतदारांची स्थिती वेगळी आहे. तेथे हापूसचे फळ आधीच येते, आणि हापूस एक वर्षाआड धरतो हे दुखणे जुने आहे. वेंगुर्ले येथे हापूस व नीलम ह्यांच्या संकरातून निर्माण झालेली व १९८१ मध्ये प्रसारित झालेली रत्ना ही जात दरवर्षी फळ देते व तिच्यात साका होत नाही. हापूसच्या बागेत तिच्या काही ओळी असाव्यात. कोकणात आंब्याबरोबर कोकम, फणस, जांभूळ व समुद्रकाठी चिकू हे सोबती आहेतच. कोकम अमृता ही जात पावसापूर्वी तयार होते, हा तिचा मोठाच गुण. चिकू जवळजवळ वर्षभर थोडा थोडा चालू राहतो, परंतु त्याला पाणीही वर्षभर लागते. पठारावर कमी पाण्यात तो लावून निराश झालेले शेतकरी मी पाहिले आहेत.

तीन एकरांचा एक नमुना

समजा एका शेतकऱ्याकडे तीन एकर हलकी ते मध्यम, निचऱ्याची जमीन आहे. विहीर जानेवारीपर्यंत चांगली चालते व पुढे उन्हाळ्यात दिवसाकाठी तासाभराचे पाणी देते. गावात तेल्याचा फारसा उपद्रव नाही. त्याने एक एकर सीताफळ पाच बाय पाच मीटरवर (सुमारे १६० झाडे), एक एकर डाळिंब मृग बहारासाठी, अर्धा एकर बोर सहा बाय सहा मीटरवर आणि विहिरीजवळचा अर्धा एकर लिंबू हस्त बहारासाठी लावावा. काढणी अशी येईल: ऑगस्टअखेर ते ऑक्टोबर सीताफळ, नोव्हेंबरअखेरपासून डिसेंबर-जानेवारी डाळिंब, जानेवारी-फेब्रुवारी बोर, मार्च ते मे लिंबू. बांधावर आठ-दहा आवळे, विहिरीच्या कडेस चार केशर व दोन जांभळे लावली तर मे-जूनचीही भर पडते. एप्रिल-मे महिन्यांत डाळिंब ताणावर, सीताफळ व बोर झोपेत. पाणी मागणारी फक्त लिंबाची ५५ झाडे आणि नवी लावलेली कलमे. वर पाहिलेल्या हिशेबात हे सहज बसते.

जुलै महिना ह्या आराखड्यात रिकामा राहतो. तो भरण्यासाठी आंबे बहाराचे डाळिंब धरावे असे काही जण सुचवितात. त्यासाठी उन्हाळ्यातील सर्व पाणी त्यात ओतावे लागेल, म्हणून मी ते मान्य करीत नाही. जुलैमध्ये शेतकऱ्यास पेरणीची, आंतरमशागतीची व खतांची कामे असतात. तो महिना काढणीवाचून गेला तर त्यात तोटा नाही.

तेल्याग्रस्त गावात ह्याच नमुन्यातून डाळिंब काढून त्या जागी पेरू घालावा. पेरूची व बोरीची तोडणी जानेवारीत एकमेकांवर येईल हे खरे, तेव्हा बोरीत उमराणचे प्रमाण वाढवावे. पुण्यासारखे मोठे शहर जवळ असेल तर अंजिराचाही विचार करता येईल. पुरंदर तालुक्यात उन्हाळ्यात येणाऱ्या मीठ्या बहाराचे अंजीर गोड निघते, पण ते तोडल्यानंतर एका दिवसात गिऱ्हाइकाच्या हाती गेले पाहिजे. बाजार दूर असणाऱ्याने त्याच्या वाटेस जाऊ नये.

ह्यापेक्षा अधिक फळे लावण्याचा उत्साह मात्र आवरावा. तीन, फार तर चार पिके पुरेत. बारा महिन्यांची बारा फळे, प्रत्येकाची वीस झाडे, असा आराखडा घेऊन येणारे होतकरू तरुण अलीकडे भेटतात. सीताफळाच्या वीस झाडांचाच हिशेब पाहू. झाडास ७० फळे धरली तर एकूण १,४०० फळे झाली. ती एकदम पिकत नाहीत. सहा-सात तोडे होतात. म्हणजे एका तोड्यास २०० फळे, जेमतेम दोन-तीन क्रेट. तेवढ्यासाठी वाहन सांगणे परवडत नाही व आडतीवर दोन क्रेटवाल्यास कोणी विचारीत नाही. ते फळ घरी खाण्यास किंवा आठवडे बाजारात बसून विकण्यास ठीक. ज्याच्या घरात आठवडे बाजारास बसणारे माणूस आहे, त्याने जरूर असे करावे. तेथे फळांची विविधता उपयोगीच पडते. इतरांनी निदान एक वाहन भरेल एवढी लागवड एका फळाची करावी, अगर गावातील पाच-सहा जणांनी ठरवून तीच जात लावून माल एकत्र पाठवावा. हे ठरविण्याचे काम लागवडीपूर्वी करावयाचे असते, आणि गावपातळीवरील कार्यकर्त्यांचा खरा उपयोग येथे आहे. चार शेतकऱ्यांना एका ओट्यावर बसविणे हे कोणत्याही पत्रकाने होत नाही.

फळमाशीचा प्रश्न

वर्षभर फळ असलेल्या बागेचा एक दोष लपविणे योग्य होणार नाही. आंब्याची, पेरूची व चिकूची फळमाशी एकच आहे. आंबा संपला की ती पेरूवर जाते, पेरू संपला की चिकूवर. अशा प्रकारे आपण तिला बारा महिने अन्न पुरवितो. म्हणून मिश्र बागेत मिथाइल युजेनॉलचे सापळे केवळ एका हंगामापुरते न लावता सतत ठेवावेत व त्यांतील आमिष वेळेवर बदलावे. गळालेले प्रत्येक फळ दररोज उचलून दोन फूट खोल पुरावे. बांधावर फेकलेले फळ म्हणजे माशीची रोपवाटिकाच. बोरीवरील फळमाशी निराळी असून ती ह्या सापळ्यात येत नाही. तिच्यासाठी झाडाखालील जमीन उन्हाळ्यात खणून कोष उघडे पाडावेत.

कलमे मिळविण्याविषयी

झाडे निरनिराळ्या वयात फळास येतात हेही ध्यानात घ्यावे. डाळिंब व पेरू तिसऱ्या वर्षी, सीताफळ चौथ्या, लिंबू चौथ्या-पाचव्या, आवळा व आंबा पाचव्या वर्षाच्या सुमारास किफायतशीर फळ देऊ लागतात. चिंच ह्या सर्वांच्या मागून. तोपर्यंत ओळींमधील जागेत मूग, उडीद, हरभरा ह्यांसारखी कडधान्ये घ्यावीत. ऊस वा ज्वारी घेऊ नये. काही पपईची झाडे लावल्यास दहाव्या-अकराव्या महिन्यापासून घरात फळ येऊ लागते, आणि मोठ्या झाडांची वाट पाहणे सुसह्य होते.

काढणीचे वेळापत्रक जातीवर अवलंबून असल्यामुळे कलमाची जात खात्रीची असणे येथे विशेष महत्त्वाचे आहे. मागे एका शेतकऱ्याने एका रोपवाटिकेतून उमराण म्हणून बोरीची कलमे आणली व चौथ्या वर्षी त्यांतील निम्मी रानबोरे निघाली. चार वर्षे कोण परत देणार? कलमे कृषि विद्यापीठाच्या, शासनाच्या अथवा परवानाधारक रोपवाटिकेतूनच घ्यावीत, पावती व जातीची चिठ्ठी जपून ठेवावी. कलमाच्या सांध्याखाली फुटलेली फूट दिसताच काढावी. ती वाढली तर खुंटच झाड होऊन बसतो. मागणी जानेवारी-फेब्रुवारीतच नोंदवावी. जूनमध्ये धावपळ करणाऱ्यास जे उरले असेल ते मिळते. फळबाग लागवडीसाठी शासनाच्या अनुदान योजना आहेत. त्यांच्या अटी अर्ज करण्यापूर्वी तालुक्याच्या कृषि कार्यालयात समजून घ्याव्यात, विशेषतः किती टक्के झाडे जिवंत राहिल्यास पुढील वर्षाचे अनुदान मिळते ह्याविषयी.

खड्डे एप्रिल-मे महिन्यांत घेऊन उन्हात तापू द्यावेत. आंबा, आवळा, जांभूळ ह्यांसाठी एक मीटर लांब, रुंद व खोल, इतरांसाठी साठ सेंटिमीटरचे पुरेत. चांगली पोयटा माती व कुजलेले शेणखत ह्यांनी ते पावसापूर्वी भरावेत व पाऊस स्थिरावल्यावर कलमे लावावीत. लागवडीबरोबरच एक वही घालावी. तीत प्रत्येक तुकड्यातील झाडांची संख्या, जात, पाणी बंद केल्याची व सुरू केल्याची तारीख, पहिली व शेवटची तोडणी आणि मिळालेला भाव एवढेच लिहावे. चार वर्षांनंतर शेजारच्या शेतकऱ्यास बाग लावावयाची झाली, म्हणजे गावच्या कार्यकर्त्याने ती वही त्याच्यापुढे ठेवावी.